पंखातली फट

मुलुंडच्या आमच्या घरात मी कितीतरी वर्षं एका पंखाखाली झोपले. पंख्याखाली म्हणत नाही. पंखाही होता आणि तो उन्हाळ्यात कुरकुरत फिरायचा. मी म्हणते तो विमानाचा पंख, माझ्या उंचीपेक्षा लांब, बाल्साच्या हलक्या लाकडाच्या पातळ फासळ्यांवर पिवळा पतंगी कागद ताणून बसवलेला. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बाहेरच्या खोलीच्या छताला हूक ठोकले तेव्हा आईला सांगितलं होतं की पावसाळ्यात धुणं वाळत घालायची सोय करतोय. आई खूश झाली. पुढच्याच रविवारी हुकांवर पंख टांगला गेला आणि धुणं गॅलरीत गेलं ते कायमचं. आई नंतर कित्येक वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला छताकडे बोट दाखवून सांगायची, "हे पाहा, याइनं मले धुनं वायवाले जागा करून देल्ली."

आई-आप्पा दोघेही वाशीमकडचे. आप्पा औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात होते. त्यांच्या शर्टांना कडवट-गोड वास यायचा, खोकल्याच्या औषधाची बाटली नुकती उघडावी तसा, आणि तो कितीही धुतलं तरी जात नसे. मुंबईत राहून त्यांची भाषा बरीच इकडची झाली होती, पण चिडले की मूळची वऱ्हाडी बाहेर पडायची. आईनं मात्र आपली बोली कधी सोडलीच नाही. आमच्या घरी फळीवर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली माझी पुस्तकं, आणि पुस्तकांच्या शेजारी सॅंडपेपरचे तुकडे, ब्लेड, टाचण्या आणि डोपचा डबा. डोप म्हणजे कागदावर लावायचं एक वार्निशसारखं द्रव्य. ते वाळलं की कागद ढोलकीसारखा ताठ होतो. त्याचा वास इतका उग्र की आई भाकऱ्या थापता थापता पदर नाकाला लावायची आणि म्हणायची, "वास तुमच्या विमानाचा अन् डोकं दुखते माह्यं."

हे विमानांचं वेड आप्पांना लागलं ते बस्त्याव काकांमुळे. बस्त्याव काका भांडुपच्या गावठाणातले. त्यांच्या वाडवडिलांची भातशेती होती. काका सुतारकाम शिकले आणि ओतकामाच्या एका कारखान्यासाठी लाकडी साचे बनवायचे. आप्पांची आणि त्यांची गाठ पडली मिठागरावर. आप्पा तिथे संक्रांतीच्या सुमाराला पतंग उडवायला जायचे. एका सकाळी काकांनी हातानं फेकायचं एक छोटं विमान सोडलं, ते तरंगत तरंगत येऊन आप्पांच्या मांज्यात अडकलं आणि पतंग व विमान दोन्ही चिखलात पडलं. दुसरे कोणी असते तर तिथेच जुंपली असती. हे दोघे चिखलात उतरून एकमेकांचा गुंता सोडवत बसले आणि दुपारी बस्त्याव काका आमच्याकडे पातोड्यांची रस्साभाजी खाऊन घाम पुसत म्हणत होते, "वहिनी, जिभेला आग लागली, पण आणखी वाढा."

त्यानंतर आमची दोन घरं एक झाली म्हटलं तरी चालेल. काकांच्या बायकोचं नाव फिलोमिना, आम्ही तिला फिलू काकू म्हणत असू. नाताळात ती डबा भरून फुगे पाठवायची, मऊ, गोलमटोल, आतून पोकळ, आणि सोबत लाल रश्श्याचं भांडं. बुद्धपौर्णिमेला आमच्याकडून मोठ्या पातेल्यातून खीर जायची. आईनं तिच्याकडून बोंबील करायला शिकून घेतले आणि फिलू काकूनं आईकडून ठेचा. दर रविवारी पहाट सरली की दोघे मित्र मिठागरावर. त्यांची कामं ठरलेली होती: लाकूड बस्त्याव काकांचं, कागद आप्पांचा. विमान आकाशात चढवायला लांब दोर घेऊन बांधावरून पळायचं काम काकांचं, कारण त्यांचा दम मोठा. आणि उडवायचं काम आप्पांचं, कारण त्यांचा हात पतंगावर बसलेला. मी कॉलेजात जायला लागले होते, विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला. डबा, पाण्याची बाटली आणि टोप्या सांभाळणं हे सुरुवातीला माझं काम होतं. हळूहळू आप्पा विमान उंच स्थिर असलं की रिमोट माझ्या हातात द्यायचे आणि माझ्या अंगठ्यांवर आपले अंगठे ठेवून म्हणायचे, "जोर नको. त्याला विचार, सांगू नको."

रिमोटबद्दल सांगायला हवं. फिलू काकूचा भाऊ आखातात फिटर होता, त्यानं तो आणला होता. तोवर दोघांची विमानं सोडली की जातील तिकडे जायची. रिमोट आल्यावर आधी लहान विमानांवर हात बसवला, मग मात्र दोघांनी ठरवलं की आता मोठं करायचं, खरं करायचं, आणि दिवाळीआधीचे कितीतरी महिने ते पिवळं विमान आमच्या खोलीत वाढत राहिलं. त्याला इंजिन नव्हतं. घारीसारखं नुसतं हवेवर तरंगायचं. पंखाच्या मागच्या कडेला दोन्ही बाजूंना एकेक लांब, अरुंद फळी होती, बिजागऱ्यांवर वर-खाली हलणारी. तिला आम्ही झडप म्हणायचो. आत बसवलेली छोटी मोटर रिमोटच्या हुकमानं एका बाजूची झडप वर आणि दुसऱ्या बाजूची खाली करायची, की विमान झडप वर गेलेल्या अंगावर कलून वळायचं. आता माझ्या भाच्याचा मुलगा फोमची विमानं घरपोच मागवतो, खोक्यातून काढतो आणि उडवतो. त्याच्या विमानाची झडप त्याच फोमची असते, नुसती दुमडलेली. तिला बिजागरी नाही आणि फटही नाही. मी त्याला ही गोष्ट सांगायला लागले की तो ऐकतो, पण त्याला त्यातली अडचणच कळत नाही.

दिवाळी होऊन गेली होती. थंडीची नुसती चाहूल, मिठागरावर पाणी आटत आलेलं आणि पलीकडे खारफुटीच्या तिवरांची हिरवी भिंत. पिवळं विमान त्या दिवशी पहिल्यांदा खऱ्या उंचीवर गेलं. काका धापा टाकत परत आले आणि कमरेवर हात ठेवून वर बघत उभे राहिले. तेवढ्यात खाडीकडून वारा सुटला आणि विमान जमिनीच्या बाजूला सरकायला लागलं, जिथे मीठ साठवायची पत्र्याची शेड होती.

"वळव रे, किसन," काका आप्पांना म्हणाले.

"वळवतोय."

"अरे, वळव ना! पूर्ण दे!"

"पूर्णच देल्ली हाय!"

मी आप्पांच्या अगदी जवळ उभी होते. त्यांचा अंगठा रिमोटवरची काठी कडेला टेकवून दाबून धरत होता, नख पांढरं पडलं होतं. विमान वळत होतं, पण झोपेतून उठवलेल्या माणसासारखं, हळू, नाखुशीनं. ते वळेपर्यंत शेड आली. आवाज फार मोठा झाला नाही, सुपारी फुटावी एवढाच. उजवा पंख मधोमध मोडला.

आम्ही मोडकं विमान गोळा केलं. बांधावर आल्यावर काका म्हणाले, "वेळेवर वळवलं असतंस तर वाचलं असतं." आप्पा म्हणाले, "त्या पंखात वळायचा दमच नाही." इथपर्यंत ठीक होतं. पण मग काका म्हणाले की विमान उडवायला हातात काहीतरी असावं लागतं, बाटल्या खोक्यात भरण्याइतकं ते सोपं नाही. आणि आप्पांनी उत्तर दिलं की सुताराचं काम खुर्ची-टेबलापर्यंतच ठीक असतं. दोघांनीही एकमेकांच्या पोटाच्या कामावर बोट ठेवलं होतं. काकांनी रिमोट पिशवीत घातला आणि ते भांडुपच्या दिशेनं चालायला लागले. आप्पांनी विमान उचललं आणि आम्ही मुलुंडला आलो. त्या दिवशी आईनं केलेलं भरीत तसंच उरलं.

नंतरचे आठवडे घर फार विचित्र झालं होतं. आप्पांनी पंख सांधला, नवा कागद चढवला, डोप लावलं. ते हात रिकामे ठेवू शकत नसत. पण काम संपल्यावर त्यांनी पंख हुकावर टांगला आणि त्याच्याकडे बघणंच सोडलं. विमान आमच्याकडे आणि रिमोट भांडुपला, त्यामुळे दोघांपैकी कोणालाच काही करता येत नव्हतं. रविवारी आप्पा उशिरापर्यंत झोपायचे, म्हणजे डोळे मिटून पडायचे. मग उठून पेपर वाचायचे, तोच पेपर पुन्हा वाचायचे. आई आणि फिलू काकू मात्र भांडुपच्या बाजारात भेटत होत्या. "त्याइचं भांडन त्याइच्यापाशी," आई मला म्हणाली. "आमी काऊन भांडू? तिनं मले कालच बारीक झिंग्याइचं कोलीम देल्लं." पण आप्पांसमोर ती फिलूचं नाव काढत नसे आणि फुग्यांशिवाय नाताळ जाणार या कल्पनेनं घरात मीच सगळ्यात जास्त हळहळत होते. खाण्याच्या बाबतीत मी अजूनही तशीच आहे.

एका सकाळी मी अंथरुणात पडल्या पडल्या वर बघत होते. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि पंखाच्या पलीकडून चमकत होतं. कागदातून पिवळा उजेड झिरपत होता, फासळ्यांच्या सावल्या दिसत होत्या. आणि मागच्या कडेला, पंख आणि झडप यांच्यामध्ये, उजेडाची एक सरळ पांढरी रेघ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी ती रेघ रोज बघत असणार. त्या दिवशी मात्र मनात आलं की उजेड जातो तिथून वाराही जात असेल.

आप्पा पहिल्या पाळीला गेल्यावर मी स्टुलावर चढून पंख उतरवला. टेबलफॅनसमोर तो दोन खुर्च्यांच्या पाठींवर ठेवला आणि फळीवरची उदबत्ती पेटवून त्याच्या खाली धरली. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "काय करतं वं? पंखाची पूजा?" मी तिला जवळ बोलावलं. झडप खाली वाकवली की धूर पंखाखालून मागे सरकत होता आणि झडपेपाशी पोचला की त्यातला बराचसा त्या फटीतून वर निसटत होता. झडपेनं ज्या हवेला ढकलायचं, तीच हवा तिच्या डोळ्यांदेखत बाजूनं पळून जात होती. आई बराच वेळ वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे तुह्या बापानं वळवलं होतं."

"वळवलं होतं," मी म्हटलं. "पण झडपेला ढकलायला हवाच उरत नव्हती."

फट बुजवायची म्हणजे चिकटपट्टी लावायची, हे लगेच सुचलं. आप्पांकडे कारखान्यातल्या रुंद तपकिरी पट्टीचं संपत आलेलं एक रीळ होतं, फोरमननं टाकून द्यायच्या ऐवजी त्यांना दिलेलं. मी पंख उलटा केला, झडप सरळ धरली आणि पंखाच्या खालच्या अंगानं फटीवर पट्टी सरळ चिकटवून टाकली. छान दिसत होती. मग झडप बोटानं हलवून पाहिली. खाली जात होती, वर जायलाच तयार नाही. पट्टी तिला खालून घट्ट धरून बसली होती. मी पट्टी ओढली आणि तिच्याबरोबर आप्पांनी नुकताच चढवलेला कागदही टरकन निघून आला.

संध्याकाळी आप्पांनी ते पाहिलं. मी ओरडा खायची तयारी करून बसले होते. त्यांनी फाटलेल्या जागेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "जाऊ दे. उडवायचं कुठे आहे आता." आणि हातपाय धुवायला गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी त्या रात्री ठरवलं की आता हे नीट करायचंच.

नीट करायला मला दोन-तीन दिवस लागले, आणि त्यातला बहुतेक वेळ नुसतं बघण्यात गेला. कागदाचं ठिगळ मी लावलं. मग जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे करून त्यांच्यावर सराव केला. शेवटी ध्यानात आलं ते अगदी साधं होतं. झडप आधी पूर्ण वर उचलायची, म्हणजे खालच्या बाजूची फट जास्तीत जास्त उघडते. ती तशीच धरून ठेवायची आणि पट्टी लावताना फुटपट्टीच्या कडेनं ती फटीत आत ढकलायची. मग झडप खाली आली की पट्टी आपोआप आत दुमडते, वर गेली की उलगडते, आणि हवेला जायला वाट राहत नाही. दुमडलेल्या जागी पट्टी स्वतःलाच चिकटत होती, तिथे आईच्या डब्यातली पावडर कापसानं लावली. मी पट्टी इंचाइंचानं लावत गेले, कारण ती परत ओढावी लागली असती तर कागद पुन्हा फाटला असता आणि तिसऱ्यांदा लावायला रीळच उरलं नव्हतं. दुसऱ्या झडपेचाही शेवटचा कोपरा दाबला आणि झडप हलवली. ती दारासारखी सहज वर गेली आणि सहज खाली आली. मी पंख खिडकीसमोर धरला. रेघ गेली होती.

रिमोटशिवाय खरी परीक्षा होणार नव्हती. म्हणून शनिवारी दुपारी मी पंख आईच्या जुन्या साडीत गुंडाळला आणि भांडुपची बस पकडली. आईनं हातात भरताचा डबा दिला. बसमध्ये पंख उभा मावेना, आडवा धरला तर पुढच्या बाकावरच्या माणसाच्या मानेला लागायचा. कंडक्टर म्हणाला, "काय आहे ताई हे?"

"पंख आहे."

"कुणाचा?"

"विमानाचा."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "मग बसनं कशाला आलात?" सगळी बस हसली आणि एका म्हाताऱ्या माणसानं उठून खिडकीजवळची जागा दिली, पंखाला, मला नाही.

बस्त्याव काका ओट्यावर बसून रंधा घासत होते. मला बघून उठले, मग साडीतली वस्तू ओळखून परत बसले. "किसननं पाठवलं?"

"नाही. मीच आले. आप्पांना माहीत नाही."

फिलू काकू आतून बाहेर आली, डबा घेतला, उघडून वास घेतला आणि माझ्या गालावरून हात फिरवला. मी पंख ओट्यावर उलगडला. काकांनी पट्टी पाहिली आणि त्यांचं तोंड लहान झालं. "हे काय लावलंय? माझं काम सैल होतं म्हणून?"

"सैल नव्हतं, काका. पण फट होती."

"ती मी ठेवली, बाय. मुद्दाम ठेवली. मागच्या विमानाला बसवली होती झडप घट्ट, तर पावसाळी हवेत लाकूड फुगलं आणि ती हललीच नाही. आठवतं ना तुला? गेलं ते तिवरात." मला आठवत होतं. मी म्हटलं, "म्हणजे फट हवीच होती. फक्त तिच्यातून हवा जात होती." आणि उदबत्तीचं सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण त्यांची नजर झडपेवर होती. मग ते आत जाऊन रिमोट घेऊन आले. मोटरला बॅटरी जोडली, काठी डावीकडे केली, उजवीकडे केली. झडप आवाज न करता हलत होती. त्यांनी झडपेवर तळहात ठेवला, हळूच फुंकर मारून पाहिली, पुन्हा मारली.

"मना कसं सुचलं नाय," ते स्वतःशीच म्हणाले.

मी ज्यासाठी आले होते ते अजून बोलायचं होतं. "काका, त्या दिवशी आप्पांनी काठी पूर्ण दिली होती. मी शेजारी होते. त्यांचं नख पांढरं पडलं होतं."

त्यांनी रिमोट ओट्यावर ठेवला. अंगणात कोंबड्या उकरत होत्या. मग म्हणाले, "मी त्याला काय बोललो ते तू ऐकलंस."

"ते काय बोलले तेही ऐकलं."

"आता मी त्याच्या दारात जाऊन काय सांगू?"

"काही सांगू नका. उद्या सकाळी रिमोट घेऊन मिठागरावर या. मी उडवणार आहे."

"तू?" काकू आणि काका दोघेही एकदम म्हणाले. मग काकू म्हणाली, "का नाय उडवणार? उडव गो. हा जायल ना, मी पाठवतंय त्याला."

"आणि किसन?" काकांनी विचारलं. "तो नाय येणार."

"विमानाचं धड आमच्या घरी आहे. ते माझ्या एकटीच्या हातात आप्पा देणार नाहीत."

आणि तसंच झालं. घरी येऊन मी पंख हुकावर टांगला आणि जेवताना सांगितलं, "उद्या मी विमान उडवणारे." आप्पांचा घास हातात राहिला. "रिमोट?" "काका आणणार आहेत." आई ताटात बघून भात कालवत होती, फार मन लावून. आप्पांनी घास खाल्ला, पाणी प्यायले, आणखी एक घास खाल्ला. मग म्हणाले, "किती वाजता?"

सकाळी आम्ही मिठागरावर पोचलो तेव्हा काका आधीच आले होते. आप्पा एका बांधावर उभे राहिले, काका दुसऱ्या. मधल्या वाफ्यात आकाश पडलं होतं आणि मिठाचे ढीग चकाकत होते. मी काकांकडून रिमोट घेऊन आले, विमान जोडलं, झडपा हलवून पाहिल्या. आप्पा हे सगळं लांबून बघत होते. मग झडपेपाशी येऊन ते वाकले, पट्टीवर अंगठा फिरवला, झडप वर उचलली आणि पट्टी कशी उलगडते ते पाहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना विचारायची गरजच नव्हती. ते आयुष्यभर पट्ट्या लावत आले होते.

आता पळायला कोणीतरी हवं होतं आणि विमान डोक्यावर धरून सोडायला कोणीतरी. काकांनी दोराचं टोक उचललं आणि ते न विचारता बांधावरून लांब चालत गेले. आप्पांनी विमान उचललं. मी दोघांच्या मध्ये. काका तिकडे वाऱ्याकडे तोंड करून उभे. आप्पा इकडे विमान उंच धरून. वारा अंगावर येत होता आणि कोणीच काही बोलत नव्हतं. पण विमान सोडायचं तर बोलावंच लागतं, कधी सोडायचं ते कळणार कसं? दोर ताठ झाला. शेवटी आप्पाच ओरडले.

"सोडू?"

काका पळायला लागले होते. "सोड!" त्यांचा आवाज वाऱ्यावरून आला. "सोड रे, किसन!"

आप्पांनी सोडलं आणि विमान एकदम वर उठलं, पतंगासारखं दोरावर चढत गेलं, आणि डोक्यावर आल्यावर दोर निसटून खाली आला. ते मोकळं झालं. मी काठी उजवीकडे केली, सवयीप्रमाणे बरीच, आणि विमान असं झटकन कललं की माझ्या तोंडून किंकाळीच फुटली. पंख जवळजवळ उभा राहिला. "हलक्यानं!" आप्पा माझ्या मागून म्हणाले. "एवढं नको त्याला आता." मी काठी सोडली, ते सरळ झालं. मग नुसता अंगठा टेकवला, आणि ते वळलं. जेवढं सांगितलं तेवढंच, आणि सांगितलं तेव्हाच. हे सुख मी कोणाला समजावून सांगू शकलेले नाही. नंतर मी पुष्कळ वर्षं मुलांना भौतिकशास्त्र शिकवलं, हवेचा दाब फळ्यावर काढून दाखवला, पण अंगठ्याखाली ते विमान ऐकत होतं ते मला फळ्यावर कधी उतरवता आलं नाही.

तिवरांच्या वर एक घार गोल फिरत होती, पंख न हलवता. तिच्याखाली ऊबदार हवा वर चढत असणार. मी विमान तिकडे नेलं आणि तिच्या मागोमाग फिरवायला लागले. घारीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. दोघं एकाच भोवऱ्यात वर वर चढत गेली, एक तपकिरी, एक पिवळं. वारा पुन्हा त्या दिवसासारखाच सुटला, विमान शेडकडे सरकलं, आणि मी ते वळवून आणलं. काका धापा टाकत परत आले होते. माझ्या उजव्या बाजूला ते, डाव्या बाजूला आप्पा. शेड मागे पडली तेव्हा दोघांनीही एकदमच श्वास सोडला.

"पंख चांगला झालाय," आप्पा म्हणाले, समोर बघत.

"तू सांधलास म्हणून," काका म्हणाले. मग थोड्या वेळानं: "घरी ये नाताळला. फिलू जीव घेईल नायतर माझा."

"येतो ना. हिला फुगे पाहिजेत."

माझे हात दुखायला लागले होते, मान अवघडली होती. मी रिमोट आप्पांपुढे धरला. उडवण्याचा मान त्यांचाच होता. इतकी वर्षं आकाशात काही सोडलं की दोर किंवा काठी त्यांच्याच हातात असायची. त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"तूच उडव," ते म्हणाले. "उडवताना बघता येत नाही गं. सगळं लक्ष बोटात असतं. मी कधी बघितलंच नाही."

आणि ते बांधावरच्या सुकलेल्या गवतावर पाठ टेकून आडवे झाले, हात डोक्याखाली घेऊन. बस्त्याव काकाही त्यांच्या शेजारी बसले, मग तेही आडवे झाले. मी विमान घारीकडे परत नेलं. खालून दोघांचे आवाज येत होते, शेपूट किती छान बसलंय, पुढच्या वेळी पंख थोडा लांब करू, आणि मधूनच नुसतं "वा" असं. मी तोवर उडवत राहिले, जोवर घार निघून गेली नाही.